ओढ्याकाठचा उडीमाऱ्या उंदीर : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात उत्तर अमेरिकेतील ओढ्यांच्या काठी राहणाऱ्या आणि बेडकासारख्या उड्या मारणाऱ्या दुर्मीळ उंदरांविषयी एक छोटे टिपण छापले होते. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रे आली. बहुतेक कुतूहलाची होती, काही शंकेखोर, आणि दोन पत्रे तर चक्क रागावलेली होती. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. आधी नावाविषयी एक खुलासा. इंग्रजीत या प्राण्याला ‘जंपिंग माउस’ म्हणतात. तो आपल्याकडे नसल्यामुळे त्याला मराठीत रूढ नाव नाही, म्हणून ‘उडीमाऱ्या उंदीर’ असा शब्द आम्हीच पाडला आहे. याहून बरा शब्द कोणाला सुचल्यास जरूर कळवावा.

माझा मुलगा कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळ राहतो. गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेले असताना ओढ्यालगतच्या पायवाटेवर ‘येथे प्रेबलच्या उंदराचा अधिवास आहे, वाट सोडू नये’ अशी पाटी पाहिली. महिनाभर रोज त्या वाटेने फिरले, पण उंदीर एकदाही दिसला नाही. हा नेमका कसा असतो? – एक वाचिका, पुणे

तो न दिसणे हेच स्वाभाविक आहे. हा प्राणी निशाचर आहे, दाट गवताच्या तळाशी वावरतो, आणि वर्षातील निम्म्याहून अधिक काळ जमिनीखाली झोपलेला असतो. त्याचे सर्वसाधारण वजन अठरा-वीस ग्रॅम भरते, म्हणजे दहा रुपयांची दोन नाणी आणि वर एखादे लहान नाणे. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी आठ-नऊ इंच असते, पण त्यातील पाच-साडेपाच इंच एकट्या शेपटीची असते. पाठीवर गडद तपकिरी पट्टा, बाजूंना पिवळसर तपकिरी रंग आणि पोट पांढरे. मागचे पाय पुढच्यांच्या मानाने बरेच लांब असतात. घाबरला की तो दीड फुटापर्यंत उंच उडतो आणि हवेतच दिशा बदलतो. त्या वेळी शेपटी तोल सावरते. ज्यांची शेपटी तुटली आहे असे उंदीर उडी मारल्यावर हवेत कोलांट्या खात कसेही पडतात, असे निरीक्षकांनी नोंदवून ठेवले आहे. त्याची आणखी एक खूण तोंडात असते. वरच्या पटाशीच्या दातांवर पुढून एक उभी खाच असते.

दिसायला उंदीर असला, तरी घरातल्या उंदराशी त्याचे नाते दूरचे आहे. उडीमाऱ्या उंदरांचे कुळ निराळे आहे आणि त्यांचे जवळचे भाऊबंद म्हणजे वाळवंटातील जर्बोआ आणि बर्च माउस या नावाने ओळखले जाणारे इवलेसे उंदीर. यांपैकी बर्च माउस काश्मीरच्या पर्वतांत आढळतो, एवढाच या घराण्याचा भारताशी संबंध. खुद्द उडीमाऱ्या उंदरांच्या बाकीच्या सर्व जाती उत्तर अमेरिकेत असून फक्त एक चीनमध्ये आहे. यातील बहुतेक जातींना सध्या काही धोका नाही. धोक्यात आहेत त्या काही ठिकाणी अडकून पडलेल्या उपजाती, आणि आपण पाटीवर जिचे नाव वाचले ती त्यांतली सर्वांत गाजलेली.

प्रेबलचा उंदीर रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याशी, वायोमिंगच्या आग्नेय भागापासून दक्षिणेला कोलोरॅडो स्प्रिंग्जपर्यंत, ओढ्यांच्या दोन्ही काठांवरील वाळुंजाच्या झुडपांत आणि उंच गवतात राहतो. नकाशा उघडून पाहिल्यास दुखणे लगेच ध्यानात येईल. फोर्ट कॉलिन्स, बोल्डर, डेन्व्हर आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज ही सगळी वाढती शहरे याच पट्ट्यात आहेत. पर्वतावरून उतरणारे पाणी माणसांनाही हवे असते आणि उंदरालाही, आणि दोघांनाही ते एकाच जागी हवे असते. उंदराच्या शिल्लक राहिलेल्या ठिकाणांपैकी एक मात्र विलक्षण आहे. डेन्व्हरच्या वायव्येला रॉकी फ्लॅट्स येथे 1952 पासून पुढील सुमारे चार दशके अणुबाँबसाठी लागणारे प्लुटोनियमचे भाग बनत असत. त्या कारखान्याभोवती सुरक्षेसाठी मोठे रान मोकळे सोडले होते. तेथे ना घरे झाली, ना दुकाने. आज तेथे वन्यजीव आश्रयस्थान आहे आणि त्यातील ओढ्यांच्या काठी हा उंदीर नांदतो आहे. संवर्धनाची ही तऱ्हा कोणाला सुचवण्याजोगी नाही, पण घडले आहे ते असे.

वर्षातले आठ-नऊ महिने झोपणारा प्राणी इतका नाजूक कसा? झोपेत तर तो सुरक्षित असायला हवा. – एक वाचक, नागपूर

आठ-नऊ महिन्यांची झोप ही प्रेबलच्या उंदराची नव्हे, तर त्याच्या दक्षिणेकडील भावाची, म्हणजे न्यू मेक्सिकोच्या उडीमाऱ्या उंदराची. तो न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि कोलोरॅडोच्या दक्षिण टोकाला मिळतो आणि 2014 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या संरक्षित प्राण्यांच्या केंद्रीय यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला. प्रेबलचा उंदीर साधारण ऑक्टोबर ते मे झोपतो.

आपल्या प्रश्नाचे उत्तर झोपेत नाही, झोपेच्या आधीच्या काही आठवड्यांत आहे. शीतनिद्रेत हा प्राणी काहीही खात नाही. बिळात धान्य साठवून ठेवण्याची खारीची किंवा आपल्याकडच्या घुशीची सवय याला नाही. जे काही बरोबर न्यायचे ते चरबीच्या रूपाने अंगावरच न्यावे लागते. त्यामुळे उन्हाळा सरता सरता तो गवताच्या बियांवर तुटून पडतो आणि काही दिवसांतच त्याचे वजन दीडपटीच्या आसपास जाते. जो पुरेसा लठ्ठ झाला तो वसंतात उठतो. जो झाला नाही, विशेषतः हंगामात उशिरा जन्मलेले पिल्लू, ते बहुधा उठतच नाही. आता न्यू मेक्सिकोतील मादीचा हिशेब मांडून पाहा. हाती तीन-चार महिने. त्यात जोडीदार शोधायचा, पिल्ले जन्माला घालायची, त्यांना दूध पाजून मोठे करायचे, आणि मग उरलेल्या दिवसांत स्वतःचे वजन वाढवायचे. वर्षाला एकच वेत, आणि आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षांचे. घरातल्या उंदराचे एक बीळ बुजवले तर महिन्याभरात दुसरे तयार होते, कारण त्याची वीण बारमाही असते. येथे एक हंगाम वाया गेला की त्या ओढ्यावरची एक पिढीच गेली.

आणि हंगाम वाया जायला फार मोठे संकट लागत नाही. या उंदराला काठावर सुमारे दोन फूट उंचीचे, ओलसर जमिनीत वाढलेले दाट गवत आणि लव्हाळे लागतात. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये गुरांनी ते वीतभर उंचीपर्यंत खाल्ले तर लपायला जागा उरत नाही आणि बीही धरत नाही. गुरे पूर्वीही होती, मग आताच काय झाले, असा प्रश्न तेथील पशुपालक विचारतात आणि तो अगदीच चुकीचा नाही. पूर्वी बीव्हर या प्राण्याने ओढ्यांवर लाकडाचे बंधारे घातलेले असत. त्यामुळे पाणी पसरून रुंद दलदल तयार होई आणि गुरे चरूनही पलीकडे गवत शिल्लक राही. बीव्हरची शिकार झाली, ओढे खोल कापत गेले, काठ कोरडे पडले, आणि हिरवळ पाण्यालगतच्या अरुंद पट्टीपुरती उरली. गुरेही तेथेच, उंदीरही तेथेच. त्यात दुष्काळ आणि वणवे यांची भर पडली.

आपल्या गावांत पाणलोटाच्या कामात ‘चराईबंदी’ हा शब्द जसा वादाचा, तसाच तो न्यू मेक्सिकोतही आहे. सॅक्रामेंटो पर्वतातील आग्वा चिकिता नावाच्या ओढ्याभोवती वनखात्याचे कुंपण होते. 2014 साली त्यावरून ओटेरो काउंटीचे (म्हणजे जिल्ह्याचे) प्रशासन आणि वनखाते उघडपणे एकमेकांसमोर उभे राहिले. पाण्यावर आमच्या गुरांचा जुना हक्क आहे, असे पशुपालकांचे म्हणणे, तर काठ वाचला नाही तर उंदीर वाचणार नाही, असे खात्याचे. आमच्या मते दोघांचेही खरे होते. गुरांना पाणी पिण्यापुरती वाट ठेवून बाकीचा काठ राखणे, किंवा पाणी नळाने कुंपणाबाहेरच्या टाकीत आणणे, हे उपाय कंटाळवाणे आहेत, त्यांची बातमी होत नाही, पण चालतात तेच.

‘प्रेबलचा उंदीर’ अशी काही वेगळी उपजातच नाही, असे सिद्ध झाल्याचे कोठेतरी वाचले. मग संरक्षण कशाचे चालले आहे? – एक विद्यार्थिनी, ठाणे

‘सिद्ध झाले’ हे खरे नाही, पण प्रश्न काल्पनिकही नाही. हा वाद मुळापासून सांगण्याजोगा आहे.

एडवर्ड प्रेबल या निसर्गशास्त्रज्ञाने 1899 साली उडीमाऱ्या उंदरांचा एक सविस्तर आढावा प्रसिद्ध केला होता. पुढे 1954 साली फिलिप क्रुट्झ्श यांनी कवटी आणि कातडीच्या अभ्यासावरून रॉकीच्या पायथ्याचे उंदीर ही एक स्वतंत्र उपजात ठरवली आणि तिला प्रेबल यांचे नाव दिले. त्यांच्या हाताशी असलेले नमुने फार थोडे होते. त्या काळाच्या रीतीने पाहता त्यात वावगे काही नव्हते, पण ही गोष्ट पुढे अडचणीची ठरली. 1998 च्या मे महिन्यात ही उपजात ‘धोक्यात’ म्हणून केंद्रीय यादीत आली. अमेरिकेच्या 1973 च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यात जातीबरोबर उपजातीलाही संरक्षण मिळू शकते. साहजिकच, नाव टिकले तर संरक्षण टिकणार आणि नाव गेले तर संरक्षणही जाणार, अशी स्थिती झाली. ज्यांची बांधकामे किंवा पाण्याच्या योजना अडल्या होत्या, त्यांचे लक्ष नावाकडे वळले.

डेन्व्हरच्या निसर्ग आणि विज्ञान संग्रहालयातील रॉब रॉय रॅमी यांनी सहकाऱ्यांसह कवटीची मापे आणि जनुकीय पुरावे तपासून असा निष्कर्ष काढला की, हे उंदीर उत्तरेकडच्या शेजारी उपजातीपेक्षा वेगळे मानण्याइतका फरक दिसत नाही. हा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी केंद्रीय वन्यजीव सेवेने उंदराचे नाव यादीतून काढण्याचा प्रस्ताव मांडला. पाठोपाठ 2006 साली टिम किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, सरकारच्याच भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतर्फे, अधिक नमुने आणि जनुकांचे अधिक भाग तपासून नेमका उलटा निष्कर्ष काढला, आणि आधीच्या अभ्यासातील काही जुन्या नमुन्यांत सरमिसळ झाली असावी, असेही म्हटले. त्रयस्थ तज्ज्ञांच्या समितीने दोन्ही अभ्यास तपासून दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला. यानंतर 2008 साली वायोमिंगपुरते संरक्षण काढले, कोलोरॅडोत ठेवले, आणि न्यायालयीन निकालांच्या ओघात 2011 साली वायोमिंगमध्ये ते पुन्हा लागू झाले. 2013 साली आणखी एका जनुकीय अभ्यासाने उपजातीच्या वेगळेपणावर पुन्हा प्रश्नचिन्ह लावले.

दोन गट प्रामाणिकपणे तपासून दोन उत्तरे कशी काढतात? याचे कारण उपजात या कल्पनेतच आहे. जात म्हणजे काय, यावरच शास्त्रज्ञांचे पूर्ण एकमत नाही. उपजात तर त्याहून निसरडी. दोन गट एकमेकांपासून वेगळे व्हायला लागून किती काळ गेला म्हणजे त्यांना दोन नावे द्यायची, याची रेघ निसर्गाने आखलेली नाही, ती आपण आखतो. मराठीच्या बोलींचे उदाहरण घ्या. चित्पावनी, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी यांतील फरक कोणीही कानाने ओळखतो, पण कोठे बोली संपून भाषा सुरू होते, यावर सभा उधळल्या गेल्या आहेत. बोली आहेत, हे मात्र कोणी नाकारत नाही. रॉकीच्या पायथ्याचे उंदीर उत्तरेकडील नातलगांपासून बऱ्याच अंतराने तुटलेले आहेत, हे सर्वांना मान्य आहे. ते तेथून गेले तर उत्तरेकडून चालत कोणी परत येणार नाही, हेही मान्य आहे.

विज्ञानात शंका घेणे योग्यच होते, आणि रॅमी यांना त्या काळी काही मंडळींनी ज्या भाषेत झोडपले ती योग्य नव्हती, असे आमचे स्पष्ट मत आहे. चूक झाली ती शंकेचे उत्तर येईपर्यंत काठ राखायचा की नाही, हा प्रश्न नावाला जोडून टाकण्यात. वायोमिंगमधील तीन वर्षांच्या सवलतीत ओढ्याकाठच्या ज्या जागेवर फरशी पडली असेल, ती 2011 च्या आदेशाने उगवून आलेली नाही.

दिसत नाही, सापडत नाही, मग तो एखाद्या ओढ्यावर आहे हे ठरवतात कसे? – एक शिक्षक, सातारा

सर्वांत रूढ पद्धत म्हणजे घडीचा ॲल्युमिनियमचा पिंजरा. तो साधारण पुस्तकाएवढा असतो आणि आत पाऊल पडताच दार मिटते. आमिष म्हणून ओट किंवा गूळपाणी लावलेला घोड्याचा खुराक टाकतात आणि थंडीत प्राणी गारठून मरू नये म्हणून कापसाचा बोळा ठेवतात. संध्याकाळी लावायचे, पहाट होताच तपासायचे. पिंजऱ्यात अनेकदा दुसराच उंदीर असतो. मोजमाप करून, केसांचा किंवा कानाच्या कडेचा इवलासा नमुना घेऊन सोडून देतात. डोंगराच्या पायथ्याशी एक अडचण मात्र उरतेच. तेथे प्रेबलच्या उंदराबरोबर पश्चिमी उडीमाऱ्या उंदीर ही वेगळी जातही मिळते, आणि हातात धरून दोघांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. खालच्या पहिल्या दाढेवरील बारीकशी घडी, कवटीची मापे किंवा जनुके यांवरच ते ठरते.

ॲरिझोनात अलीकडे पिंजऱ्याऐवजी ठशांची पेटी वापरतात. छोट्या पेटीत आमिष, वाटेत काजळीची गादी आणि पुढे पांढरा चिकट कागद. उंदीर येऊन खाऊन जातो, कागदावर पावले राहतात. उडीमाऱ्या उंदराची बोटे लांब आणि सडपातळ असल्यामुळे त्याचा ठसा इतर उंदरांत उठून दिसतो. प्राण्याला हात लावावा लागत नाही, रात्री जागावे लागत नाही, आणि एकच माणूस कितीतरी ओढे तपासू शकतो. आपल्या शाळेत प्रयोग म्हणून आवारात अशी पेटी ठेवून पाहावी. रात्रीत किती पाहुणे येऊन जातात, याचे मुलांना नवल वाटेल.

एका उंदरापायी धरणे आणि रस्ते अडवणे शहाणपणाचे आहे का? – एक निवृत्त अभियंता, नाशिक

कामे अडतात त्यापेक्षा बदलतात, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. प्रेबलच्या उंदरासाठी 2010 साली कोलोरॅडोत सुमारे 411 मैल लांबीचे ओढे आणि नद्या, म्हणजे काठांसह 34,935 एकर क्षेत्र, ‘कळीचा अधिवास’ म्हणून घोषित झाले. या घोषणेने जमीन सरकारजमा होत नाही. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना लागणाऱ्या कामाला मात्र वन्यजीव सेवेशी आधी विचारविनिमय करावा लागतो. शिवाय 2001 सालच्या खास नियमानुसार चालू शेती, बागेची निगा, पाण्याचा प्रचलित वापर, आणि घरात किंवा घराला लागून केलेला उंदरांचा बंदोबस्त यांना सूट आहे. रागावलेल्या दोन्ही पत्रलेखकांनी हे शेवटचे कलम अवश्य वाचावे.

आपण अभियंते आहात म्हणून एक उदाहरण देतो. डेन्व्हरच्या नैर्ऋत्येस चॅटफील्ड हे पूरनियंत्रणासाठी बांधलेले धरण आहे. वाढत्या वस्तीला पाणी हवे म्हणून त्यातील साठ्याची पातळी जास्तीत जास्त 12 फुटांनी वाढवायचे ठरले. त्याने 20,600 एकर-फूट जादा पाणी साठवता येणार होते. आपल्या मापात हे एक टीएमसीपेक्षा थोडे कमी, म्हणजे खडकवासल्याच्या निम्म्याहून कमी भरते. पातळी वाढली की काठची वाळुंजाची झुडपे आणि त्यांतील उंदीर बुडणार होते. योजना रद्द झाली नाही. तिच्या खर्चातच वरच्या बाजूच्या प्लम क्रीक या ओढ्याचे कापत चाललेले पात्र सावरणे, तेथे झुडपे लावणे, आणि जंगलातील शुगर क्रीकवर अधिवास सुधारणे ही कामे धरली गेली. पाणी वापरणाऱ्यांनी त्याचे पैसे मोजले. अशा भरपाईतून पुरेसे काही साधते का, याविषयी साशंक असायला जागा आहे, कारण तयार केलेला काठ जुन्या काठाएवढा मुरायला बरीच वर्षे जातात. पण ‘उंदराने धरण अडवले’ ही कथा येथे घडलेली नाही.

वाट पाहण्याचे काय होते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. टोरेस सामुद्रधुनीतील ब्रॅम्बल के या चिमुकल्या प्रवाळबेटावर मेलोमिस नावाचा एक उंदीर राहत असे, जगात इतरत्र कोठेही नाही. समुद्राचे पाणी वारंवार बेटावर चढत गेले आणि झाडोरा नष्ट होत गेला. तो शेवटचा दिसला 2009 साली. 2014 मध्ये कसून शोध घेतला तेव्हा एकही मिळाला नाही, आणि 2019 साली तेथील सरकारने तो नामशेष झाल्याचे जाहीर केले. मानवनिर्मित हवामानबदलामुळे नाहीसा झालेला पहिला सस्तन प्राणी म्हणून आता त्याचे नाव घेतले जाते.

पिंजऱ्यात पैदास करून सोडले तर प्रश्न सुटणार नाही का? – एक वाचक, कोल्हापूर

काही ठिकाणी ते केले आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील पॅसिफिक पॉकेट माउस हा सहा-सात ग्रॅमचा उंदीर संपला असे मानले जात होते. 1993 साली डेना पॉइंट येथे तो पुन्हा सापडला. सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयाने 2012 पासून त्याची पैदास सुरू केली आणि 2016 पासून तो लगूना येथील राखीव रानात सोडला जाऊ लागला. त्याच केंद्रातील ‘पॅट’ नावाचा एक उंदीर 2023 च्या फेब्रुवारीत 9 वर्षे 209 दिवसांचा झाला आणि माणसाच्या देखरेखीखालील सर्वांत वयस्क उंदीर म्हणून त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली. पैदास जमते, पण सोडायला रान लागते. उडीमाऱ्या उंदराच्या बाबतीत अडले आहे ते तेथेच.

आमच्या भागात उंदीर सोयाबीन आणि गहू फस्त करतात. आपण त्यांना वाचवायला सांगता? – एक शेतकरी, परभणी

महाराष्ट्रात असा एखादा दुर्मीळ उंदीर आहे का? – एक गिर्यारोहक, पुणे

ही दोन्ही पत्रे आम्ही मुद्दाम शेजारी ठेवली आहेत, कारण त्यांची उत्तरे एकाच घराण्यात मिळतात.

पृथ्वीवरील सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींपैकी सुमारे दोन जाती कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या आहेत. त्यांतील पिकांना जाचक ठरणाऱ्या जाती मूठभरच. आपल्या शेतात प्रामुख्याने लहान घूस, जर्बिल, घरउंदीर, शेतातली छोटी उंदरे आणि मऊ केसांचा शेतउंदीर या नुकसान करतात. त्यांचा बंदोबस्त करण्यास आमची काहीच हरकत नाही. विष वापरायचेच तर ते उघड्यावर न पसरता वापरातील बिळात टाकून बीळ बंद करावे, आणि मेलेले उंदीर पुरावेत. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला, तर दर रात्री फुकट काम करणारा आपला गडीच आपण मारतो.

आता वरच्या यादीतील शेवटचे नाव पाहा. मऊ केसांच्या या शेतउंदराचा एक सख्खा नातलग आहे, कोंढाणा उंदीर. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजे आताच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील, मिश्रा आणि धांडा यांनी 1975 साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि सिंहगडाचे जुने नाव त्याला दिले. दीर्घकाळ तो फक्त सिंहगडाच्या माथ्यावरून, म्हणजे सुमारे एक चौरस किलोमीटर जागेवरून, ठाऊक होता. गडाबाहेरच्या त्याच्या नोंदी आजही मोजक्याच आहेत. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे आणि कारणे म्हणून झाडोरा घटणे, गुरांची चराई आणि पर्यटनाचा उपद्रव ही नोंदलेली आहेत. कोलोरॅडोपासून इतक्या दूर येऊनही यादी जवळपास तीच निघावी, याचे आम्हाला फारसे नवल वाटले नाही.

कायद्याची गंमत अशी की, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राणी म्हणून कावळा आणि वटवाघळांबरोबर ‘उंदीर’ असे सरसकट नाव होते. सोयाबीन खाणारा आणि जगात सह्याद्रीच्या एका कोपऱ्यापुरता उरलेला, दोघेही त्याच एका शब्दात. 2022 च्या दुरुस्तीने, जी 2023 च्या एप्रिलपासून लागू झाली, ही अनुसूची गेली. आता उपद्रवी कोण, हे सरकारने स्वतंत्र अधिसूचनेने ठरवायचे आहे. अशी अधिसूचना निघेल तेव्हा तिच्यात जातीचे नेमके नाव असावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

गिर्यारोहक वाचकाने आपण काय करू शकतो, असेही विचारले आहे. सिंहगडावर गर्दीच्या रविवारी संध्याकाळी एखाद्या टपरीमागे डोकावून पाहावे. उरलेली भाकरी, भज्यांचे कागद, दह्याची मडकी, आणि त्यांभोवती तीन-चार कुत्री व एखादे मांजर. या उकिरड्यावर घरउंदीरही पोसला जातो आणि त्याला खाणारेही, आणि कोंढाणा उंदराला दोघांशीही झगडावे लागते. उष्टे कड्यावरून न भिरकावता खाली आणावे, गवताळ उतारावर नवी पायवाट पाडू नये, आणि वाळलेल्या गवताजवळ शेकोटी करू नये. मऊ, दाट केसांचा उंदीर वाटेत मेलेला आढळल्यास उघड्या हातांनी उचलू नये. जागा आणि तारीख टिपून घ्यावी, पूर्ण अंगाचे व शेपटीचे छायाचित्र काढावे, आणि काडीने पाऊल उलटून मागच्या तळव्याचे एक छायाचित्र जवळून घ्यावे. या घराण्यातील जाती ओळखताना तळव्यावरच्या गाद्या मोजाव्या लागतात, आणि पाठवलेल्या छायाचित्रांत बहुधा नेमका तळवाच दिसत नाही.